एक पाय जमिनीवर

माझ्या आत्याला दवाखान्यात सगळे ‘लगबग’ म्हणत. डॉक्टरांपासून झाडूवाल्यांपर्यंत कुणी तिला खऱ्या नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. ती तिथे आया होती. त्या दवाखान्यात कर्मचाऱ्यांनी पळायचं नाही, असा कडक नियम होता. आया किंवा नर्स पळताना दिसली की खाटेवरचा प्रत्येक जण उठून बसतो. वाईट बातमी आपल्याकडेच धावत येतेय असं वाटतं. पण कामं तर सगळी पळण्याचीच. रक्त तपासणीला पोचवायचं, ऑक्सिजनचं सिलिंडर मागवायचं, ऑपरेशनच्या खोलीतून निरोप आला की स्ट्रेचर घेऊन हजर व्हायचं. आत्यानं यावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. ती पळायची नाही, पण अशी चालायची की तिच्याबरोबर जाणाऱ्याला पळावं लागे.

एका वर्षी कर्मचाऱ्यांच्या क्रीडादिनाला चालण्याच्या शर्यतीत कुणी नाव देईना. त्या शर्यतीत माणूस कंबर हलवत, कोपरं उडवत जातो आणि बघणारे हसतात, म्हणून सगळ्या जणी टाळत होत्या. मेट्रननं आत्याचं नाव परस्पर घालून टाकलं. आत्या इतकी पुढे निघून गेली की पाहुणा म्हणून आलेला मैदानावरचा प्रशिक्षक बक्षीस समारंभ सोडून तिच्यामागे लागला. रोज सकाळी ड्यूटीआधी मैदानावर या, म्हणाला. आत्याला वाटलं थट्टा करतोय. ती तेव्हा एका मुलीची आई होती, आणि आपलं चालणं म्हणजे खेळ असेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

घरी तिची सासू म्हणाली, “चारचौघांत कंबर हलवायची आणि वर त्याचं पदक आणायचं!” आतोबा शिंपी होते. त्यांनी उरल्यासुरल्या कापडातून तिला दोन पँटी शिवून दिल्या, मांडीला घासणार नाही अशी शिवण आत न ठेवता बाहेर घेतली, आणि गिऱ्हाइकांना सांगायला लागले की आमच्या घरात आता दोन पायमशिनं आहेत.

चालण्याची शर्यत हा तसा विचित्रच खेळ. बाकी कुठल्याही शर्यतीत जो जास्त जोरात जाईल तो जिंकतो; इथे गरजेपेक्षा जोरात गेलात की बाद होता. नियम दोनच. एक पाय कायम जमिनीवर हवा. आणि पुढे टाकलेला पाय जमिनीला टेकल्यापासून अंग त्याच्यावर येईपर्यंत गुडघ्यात सरळ हवा. ते हसू आणणारं कंबरेचं हलणं या दुसऱ्या नियमामुळे येतं. गुडघा वाकवायचा नाही म्हटल्यावर बिचारी कंबर तरी दुसरं काय करणार? मैदानाच्या कडेनं पंच उभे असतात. त्यांनी एकमेकांशी बोलायचं नसतं. ज्याला चूक दिसेल त्यानं त्या खेळाडूच्या नावे एक लाल कार्ड पाठवायचं. तीन वेगवेगळ्या पंचांची कार्डं जमली की खेळाडू बाद.

पण खरी गंमत पुढे आहे. हे सगळं पंचानं नुसत्या डोळ्यांनी बघायचं असतं. कॅमेऱ्याला तिथे काही किंमत नाही. असं का, ते प्रशिक्षकानं आत्याला सांगितलं. कॅमेरा लावला तर जगातला एकही विजेता उरणार नाही, कारण वेगात चालणाऱ्या प्रत्येकाचे दोन्ही पाय पापणी लवायच्या आत हवेत जाऊन येतात. जो डोळ्याला दिसणार नाही एवढाच उडतो, तो जिंकतो.

“म्हणजे चोरी करायची, फक्त सापडायचं नाही?” आत्यानं विचारलं.

“चोरी कशी? जे दिसलं नाही ते झालंच नाही, असं नियमच म्हणतो.”

“मला नाही जमायचं. माझा पाय कुठे आहे ते मला कळतं. मी उडणार नाही.”

प्रशिक्षक हसला आणि त्यानं विषय सोडून दिला. आत्यानं मात्र तो मनाशी घट्ट धरून ठेवला. ती शर्यती जिंकायला लागली तेव्हा तिला पदकाचा जेवढा आनंद व्हायचा, त्याहून जास्त या गोष्टीचा अभिमान वाटायचा की सगळ्या उडतात आणि आपण चालतो. दवाखान्यात तिला एकदम मान आला. वॉर्डबॉय तिला वाट करून देताना हातानं झेंडा दाखवल्यासारखं करत. सासूनंही पहिलं पदक शेजारणींना दाखवून झाल्यावर कंबरेचा विषय काढणं बंद केलं.

मग ती मोठी स्पर्धा आली, जिच्यातून देशाच्या संघासाठी निवड व्हायची होती. अंतर दहा किलोमीटर, भर उन्हात. निम्मी शर्यत झाल्यावर आत्या आणि दुसरी एक, अशा दोघीच पुढे राहिल्या. ती दुसरी पोलिसात होती आणि अंगानं आत्यापेक्षा उंच होती. शेवटच्या फेरीत आत्यानं तिला मागे टाकलं आणि रेषा पहिल्यांदा ओलांडली. दोन्ही हात वर केले. आतोबा कठड्यावरून उडी मारून मैदानात उतरले, ताईला, म्हणजे माझ्या आतेबहिणीला, खांद्यावर घेऊन. आत्याला कुणीतरी पाण्याचा पेला दिला.

ते पाणी पिऊन होईपर्यंत ती विजेती होती. पेला खाली ठेवते तो मुख्य पंच समोर आला आणि त्यानं तिला लाल फलक दाखवला. या खेळात तसं होऊ शकतं. तिसरं कार्ड उशिरा पोचलं तर माणसाला जिंकून झाल्यावर कळतं की आपण मघाशीच बाद झालो होतो. आत्या म्हणाली, माझा पाय जमिनीवर होता. मुख्य पंच म्हणाला, तीन पंचांना तो वर दिसला. आधीच्या दोन कार्डांची तिला धास्ती होतीच. मैदानातल्या मोठ्या फळ्यावर तिच्या क्रमांकापुढे दोन लाल खुणा तिनं चालता चालता वाचल्या होत्या आणि त्यानंतर जपून चालल्याचं ती शपथेवर सांगत होती. तिसरं कार्ड शेवटच्या फेरीत लांबच्या वळणावरच्या पंचानं दिलं होतं. तो आमच्याच शहरातला निघाला. शाळेत व्यायाम शिकवायचा.

पोलिसातली बाई संघात गेली. परदेशातल्या स्पर्धेत ती निम्म्यातच बाद झाली, आणि ते ऐकून आत्या दिवसभर गुणगुणत होती असं ताई सांगते. त्यानंतर आत्या पुन्हा कुठल्याच शर्यतीत उतरली नाही. प्रशिक्षक दोनदा घरी येऊन गेला, आतोबांनीही समजावलं. ती म्हणाली, पाय जमिनीवर ठेवूनही बाद व्हायचं असेल तर मी आपली वॉर्डातच बरी.

पण शर्यत काही तिला सोडेना. पुढची जवळजवळ तीस वर्षं तिनं ती आल्यागेल्याला सांगितली. घरी पाहुणा आला, चहा झाला, की कुठूनतरी विषय त्या लांबच्या वळणावर यायचाच. त्या व्यायामशिक्षकाचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे. तो ‘तिसरा’ होता. आम्हा मुलांना ‘तिसरा’ म्हणजे खोटारडा एवढंच कळत होतं. शाळेत कुणी खोटं बोललं की आम्ही त्याला तिसरा म्हणायचो. एका वर्षी क्रीडा संघटनेच्या सभेत आत्या उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली की या माणसानं डोळ्यांत तेल घालून बघण्याऐवजी डोळे विकले. पुराव्याचं कुणी विचारलं नाही. हळूहळू त्याला पंच म्हणून बोलावणं बंद झालं. शाळेतही पोरं त्याच्या मागे एका पायावर लंगडी घालत जायची. हे आत्याला कुणीतरी येऊन सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. “घालू देत,” म्हणाली.

एकदा त्याची बायको आत्याच्याच वॉर्डात भरती झाली. पोटाचं मोठं ऑपरेशन होतं. आत्यानं त्या बाईचं सगळं केलं. कूस बदलून दिली, अंग पुसलं, केस विंचरले, उलटी झाली तर पाठीवर हात ठेवून उभी राहिली. त्यात कुठे हात आखडता घेतला नाही. नवरा मात्र समोर आला की तिचा चेहरा भिंतीसारखा व्हायचा. एका संध्याकाळी तो तिची वाट बघत कॉरिडॉरमध्ये थांबला.

“बाई, तुमच्याशी थोडं बोलायचं होतं. त्या दिवसाबद्दल.”

“भेटायची वेळ संपली,” आत्या म्हणाली. “इथं उभं राहू नका, रस्ता अडतो.”

आणि ती पुढे गेली. हे ती स्वतःच आम्हाला सांगायची, मोठ्या समाधानानं. त्याची बायको बरी होऊन घरी गेली. त्यानं पुन्हा कधी प्रयत्न केला नाही.

वर्षं गेली. सासू गेली, आतोबा गेले, आत्या निवृत्त झाली. जन्मभराच्या चालण्यानं उजवा खुबा पार झिजला. आधी काठी आली, मग धरून चालायची ॲल्युमिनियमची चौकट आली. डॉक्टर म्हणाले, खुबा बदलू, पुन्हा चालायला लागाल. आत्या लगेच तयार झाली. दवाखान्यातली जुनी माणसं ओळखीची, तिला लवकरची तारीख देऊ म्हणाली.

त्याच सुमाराला ताईला ती फिल्म सापडली. ताई टीव्हीच्या कार्यालयात काम करते. जुनी रिळं साफ करून ती संगणकावर घेणं हे तिच्या विभागाचं काम. धूळ खात पडलेल्या डब्यांमध्ये एका डब्यावर त्या स्पर्धेचं वर्ष होतं. ताईनं घाईघाईत थोडं पुढेमागे करून बघितलं, आई दिसली, आणि तिला इतका आनंद झाला की बाकीचं तिनं मुद्दाम पाहिलं नाही. सगळे मिळून बघू म्हणाली. आईला आयुष्यभर जे हवं होतं ते आपल्या हाताला लागलंय, असंच तिला वाटत होतं. मलाही तसंच वाटलं.

रविवारी दुपारी आम्ही आत्याकडे जमलो. ताईनं पडदे ओढले आणि टीव्हीला लॅपटॉप जोडला. फिल्मला आवाज नव्हता. शर्यत सुरू झाली आणि आत्या तोंडावर हात घेऊन हसायला लागली. “केवढीशी होते गं मी!” आतोबांनी शिवलेली पँट दिसल्यावर तिनं डोळे पुसले. प्रत्येक खेळाडूबद्दल ती काहीबाही सांगत होती. ही फार अंग टाकून चालायची, हिचा नवरा वाळूचे ट्रक चालवायचा. मग शेवटची फेरी आली. कॅमेरा लांबच्या वळणाकडे होता. आत्या त्या पोलिसातल्या बाईला मागे टाकत होती.

“थांबव,” आत्या म्हणाली. “जरा मागे घे. आता हळू कर.”

ताईनं एकेक चित्र पुढे सरकवायला सुरुवात केली. उन्हानं प्रत्येकीची काळीभोर सावली जमिनीवर पडली होती. एका चित्रात आत्याचा मागचा पाय जमिनीवरून सुटला. पुढचा अजून टेकला नव्हता. बुटाची सावली बुटापासून वेगळी झाली होती आणि मधे उन्हाची पट्टी स्पष्ट दिसत होती. ताईनं पुढचं चित्र आणलं. तरी ती हवेतच होती. त्याच्या पुढच्या पावलालाही तसंच. वळण संपेपर्यंत तसंच.

मग ताईच बोलायला लागली, भरभर. फिल्म जुनी आहे, असल्या फिल्ममध्ये कडा हलतात. आणि ही दुसरी बघ ना आई, हिचाही पाय वर आहे, हे बघ. खरंच त्या दुसरीचाही होता, थोडा कमी. सगळ्याच उडत होत्या गं, ताई म्हणाली, तुला तुझ्या प्रशिक्षकानं सांगितलंच होतं की.

“तिचं तिच्यापाशी,” आत्या म्हणाली. “मी उडत नाही म्हणत होते.”

तिनं ताईला पडदे उघडायला सांगितलं. आम्ही निघताना ती नेहमीसारखं जपून जा म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी ताईनं फोन केला तर आत्यानं एकच विचारलं: ते मास्तर आहेत का अजून, आणि कुठे राहतात? तिनं त्यांना मास्तर म्हटल्याचं आम्ही पहिल्यांदाच ऐकलं.

मास्तर होते. मुलाकडे दुसऱ्या मजल्यावर राहायचे. त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. आत्या एका हातानं कठडा आणि दुसऱ्या हातानं ताईचा खांदा धरून एकेक पायरी चढली. मी मागून चौकट घेऊन. मधल्या वळणावर तिला खुर्ची आणून द्यावी लागली. मास्तरांच्या सुनेनं दार उघडलं तेव्हा आत्याला धड बोलवतही नव्हतं.

मास्तर खिडकीशी बसले होते. हडकुळे, मान किंचित हलणारी. आत्याला त्यांनी लगेच ओळखलं आणि उठायची धडपड केली. आत्या म्हणाली, बसा, मी सांगायला आलेय. मग तिनं सांगितलं. फिल्म सापडली. पाय वर होता. तुमचं बरोबर होतं. मी तीस वर्षं तुम्हाला खोटं ठरवलं, सभेत नको ते बोलले, ते सगळं चुकीचं होतं. तिनं हे सरळ, न अडखळता सांगितलं, वॉर्डात डॉक्टरांना रुग्णाचा ताप सांगावा तसं.

मास्तर पुढे झुकले.

“पाय वर होता?” त्यांनी विचारलं.

“होता.”

“नक्की?”

“माझ्या डोळ्यांनी बघितला.”

“मी नव्हता बघितला,” मास्तर म्हणाले. “त्या वळणावर ऊन सरळ डोळ्यांत येत होतं. मला कुणाचेच पाय धड दिसत नव्हते. फळ्यावर तुमच्यापुढे दोन लाल खुणा होत्या. म्हटलं, दोघांना दिसलंय तर मलाच दिसत नसणार. म्हणून मी कार्ड पाठवलं. हेच सांगायचं होतं तुम्हाला, तेव्हा दवाखान्यात. एका बाईचं आयुष्य मी न बघता फुकट घालवलं, हे रोज मनात यायचं.”

“म्हणजे तुम्हाला काहीच ठाऊक नव्हतं.”

“नाही. आज तुमच्याकडून कळलं.”

आणि मग ते हसले. त्यांना ते आवरता आलं नाही. त्यांनी सुनेला आतून बोलावलं आणि म्हणाले, ऐकलंस का, या बाई स्वतः सांगायला आल्यात, निर्णय बरोबर होता. सुनेला काय चाललंय ते नीट कळलं नसावं. तिनं मान डोलावली आणि चहा ठेवायला गेली. मास्तरांची मान पूर्वीसारखीच हलत होती, पण चेहरा मोकळा झाला होता. ते आत्याला तिच्या खुब्याबद्दल विचारायला लागले, स्वतःच्या गुडघ्यांबद्दल सांगायला लागले. आत्या चहा अर्धा ठेवून उठली.

खाली उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, “सुटला बिचारा.” थोड्या वेळानं म्हणाली, “मी कशाला आले होते गं?”

“खरं सांगायला, आई,” ताई म्हणाली.

“त्यानं त्याचं खरं झालं. माझं काय झालं?”

अन्याय झाला म्हणावं, तर पाय हवेत होता. न्याय झाला म्हणावं, तर पंचानं बघितलंच नव्हतं. हरलेल्या माणसाला निदान आपण का हरलो ते सांगता येतं, आणि आत्यानं तेवढ्या एका वाक्यावर इतकी वर्षं काढली होती. दुसऱ्याचा पाय नव्हे, आपला स्वतःचा पाय कुठे आहे तेही आपल्याला कळत नव्हतं, हे तिला सगळ्यात जड गेलं असावं. ती तसं बोलली नाही.

पुढे ऐकलं, मास्तर त्यांच्या जुन्या शाळेच्या क्रीडादिनाला जाऊन आले. कितीतरी वर्षांनी त्यांनी मैदानात पाऊल टाकलं, मुलांना बक्षिसं वाटली. ताईनं हे आत्याला सांगावं की नाही यावर आम्ही दोघींनी बराच खल केला. शेवटी सांगितलं. आत्या म्हणाली, “बरं झालं,” आणि ते तिनं मनापासूनच म्हटलं असावं, कारण तिच्या आवाजात काहीच नव्हतं.

खुब्याच्या ऑपरेशनची तारीख आली तेव्हा ती नको म्हणाली. ताईनं विनवलं, रागावून बघितलं, डॉक्टरांना घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, लगबगबाई, तुमच्यासारखी माणसं महिन्याभरात कॉरिडॉर गाजवतात. आत्यानं त्यांचं सगळं नीट ऐकून घेतलं.

“माझी जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या,” ती म्हणाली. “ज्याला कुठं जायचंय त्याला.”

आता ती पलंग आणि खुर्ची एवढ्यातच असते. मागच्या आठवड्यात मी गेले होते तेव्हा ताई तिला निदान खोलीतल्या खोलीत चार पावलं टाक म्हणून सांगत होती. आत्यानं ऐकून घेतलं. मग ती भिंतीला टेकवलेल्या चौकटीकडे बघून म्हणाली, “ती माळ्यावर टाक. येता-जाता तुमच्या पायात येते.”

ताईनं स्टूल आणलं आणि मी खालून चौकट वर दिली.